पानिपत नावाचं कलेक्शन

मिरजेत आमच्या ओळखीत फॅशन डिझायनर कुणी नव्हतं. शिंपी होते. मी फॅशन शिकायला दिल्लीला चालले असं कळल्यावर वडिलांचे एक मित्र मुद्दाम घरी आले आणि त्यांनी विचारलं, "म्हणजे शिवणक्लास का?" वडील म्हणाले, "नाही हो, पदवी असते त्याला." मग दोघंही बराच वेळ चहाच्या कपाकडे बघत बसले. टीव्हीवर परदेशी चॅनेलं नुकती सुरू झाली होती, आपल्या मुली जगभरचे सौंदर्याचे मुकुट जिंकून आणत होत्या आणि देशातल्या निम्म्या मुलींना आपण मॉडेल होणार आणि उरलेल्या निम्म्यांना आपण डिझायनर होणार असं वाटायला लागलं होतं. मी दुसऱ्या निम्म्यातली.

दिल्लीत पहिल्याच आठवड्यात मॅडमनी आम्हाला एकेकाला उभं करून विचारलं, "तुमचं इन्स्पिरेशन काय?" एक मुलगी म्हणाली, राजस्थानचं वाळवंट. ती दक्षिण दिल्लीतल्या बंगल्यात वाढलेली, वाळवंट तिनं मावसबहिणीच्या लग्नाला गेली असताना हॉटेलच्या खिडकीतून पाहिलेलं. एक मुलगा म्हणाला, मृत्यू. त्याचे आईवडील, दोन्हीकडचे आजी-आजोबा सगळे खणखणीत होते आणि दर रविवारी त्याला कबाब खायला घेऊन जायचे. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "माप." मला खरंच त्याचं वेड होतं. सपाट कापडातून माणसाचा गोल खांदा कसा निघतो याचं मला लहानपणापासून नवल वाटत आलं आहे, अजूनही वाटतं. मॅडम गोड हसून म्हणाल्या, "डिअर, ते टेक्निक झालं. इन्स्पिरेशन वेगळं असतं." वर्ग हसला. त्या शब्दाबद्दलची माझी चीड तिथे सुरू झाली आणि पुढं दिल्लीतल्या लोकांनी ती कधी कमी होऊ दिली नाही.

शिक्षण संपल्यावर नोएडातल्या एका एक्स्पोर्टच्या कारखान्यात मला नोकरी लागली. नोएडा तेव्हा अर्धं शहर आणि अर्धं मोहरीचं शेत होतं. सेक्टरला नंबर होते, पण पुष्कळदा सेक्टरच नव्हते. परदेशातून पाकिटात एखादा ब्लाउज यायचा, आम्ही तो उसवायचा, कागदावर उतरवायचा, कॉलर जरा बदलायची आणि ढिगानं तसेच शिवून परत पाठवायचे. मालक प्रामाणिक माणूस होता. तो म्हणायचा, "मॅडम, कॉपी करो, पर थोड़ी शर्म के साथ करो." या धंद्यात मी ऐकलेलं हे सगळ्यात सुसंस्कृत वाक्य. पुढं ज्या लोकांमध्ये मी वावरले ते कॉपी करायचे ती अभिमानानं.

लग्न याच काळात झालं. सुट्टीच्या दिवशी मराठी जेवण हवं असलं की मी कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र राज्याच्या अतिथिगृहात जायचे. तिथल्या कॅन्टीनमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं मोठमोठ्यानं राज्यघटनेवर वाद घालत बसलेली असायची. त्या गोंगाटात एक पुण्याचा इंजिनिअर वाढप्याला पोहे कसे भिजवावेत ते शिकवत होता. वाढपी गढवाली होता आणि त्याला ऐकण्याची अजिबात इच्छा नव्हती. मी म्हटलं, "अहो, त्याला सोडा, मला तरी शांतपणे खाऊ द्या." याच माणसाशी मी लग्न केलं. तो नोएडात सॉफ्टवेअरच्या कंपनीत होता. आम्ही तिथेच एका नव्या सोसायटीत राहायला गेलो. तिच्या गेटवर दोन प्लास्टरचे सिंह होते आणि नळाला पाणी नव्हतं. मुलगी तिथेच झाली.

मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा ओळखीच्या एकीनं कळवलं, एका मोठ्या डिझायनरला पॅटर्न, म्हणजे कापड बेतायचे कागदी साचे, काढणारं माणूस हवंय. मोठा म्हणजे रविवारच्या पुरवणीत फोटो येणारा. मी गेले. मेहरौलीच्या पलीकडे त्यांचं फार्महाउस होतं. फार्म म्हणायचं, पण हिरवळीशिवाय तिथे काहीच उगवत नव्हतं. सगळे त्यांना सर म्हणायचे, मीही म्हणायला लागले.

सरांच्या घरचा धंदा स्कूटरच्या सुट्या भागांचा. त्यात वाईट काही नाही, उलट त्या पैशावर त्यांचं सगळं चाललेलं. पण मुलाखतीत ते सांगायचे की आजीच्या फुलकारीच्या, म्हणजे पंजाबी भरतकामाच्या, ओढणीत गुंडाळून त्यांना वाढवलं. त्यांची आजी मी एकदा पाहिली. त्या बाईनं नायलॉनचा सलवार-कमीज घातला होता आणि ती नोकराला टीव्हीचा आवाज वाढवायला सांगत होती. सरांना बटणही लावता येत नव्हतं. तेही मी समजू शकते, पुष्कळांना येत नाही. मला सहन व्हायचं नाही ते त्यांचं डोळे मिटणं. कापड हातात घेतलं की ते डोळे मिटायचे, मान मागे टाकायचे आणि आजूबाजूचे सगळे श्वास रोखून उभे राहायचे. मग डोळे उघडून ते एक शब्द बोलायचे. लडाखहून आले तेव्हा "शांती" म्हणाले, त्यावर्षी सगळं पांढरं. काशीहून आले तेव्हा "मोक्ष" म्हणाले, त्यावर्षी तेच सगळं भगव्यात. पॅटर्न दोन्ही वेळा एकच होतं, मी काढलेलं. मोक्षाची बाही शांतीपेक्षा जरा आखूड होती.

एक दिवस त्यांनी मला वर बोलावलं.

"तुम मराठा हो ना?"

"मराठी, सर."

"सेम थिंग. तुम लोगों का पानिपत में कुछ हुआ था ना?"

"हो सर. म्हणजे, जी. हार गए थे."

"ब्यूटिफुल," सर म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

मी त्यांना समजावलं की आमच्यात एखाद्या गोष्टीचा पुरता विचका झाला की आम्ही तिचं पानिपत झालं म्हणतो, माणसं मुलांच्या निकालाबद्दलसुद्धा म्हणतात, तेव्हा कपड्यांना हे नाव देणं बरं नाही. ते आणखी खूश झाले. "सो ट्रॅजिक! यही नाम रहेगा."

पुढच्या आठवड्यात आम्ही गाडीनं पानिपतला गेलो. सर, त्यांचा फोटोग्राफर, प्रसिद्धीचं काम बघणारी एक मुलगी आणि मी. वाटेत परोठे खायला जितका वेळ लागला त्याच्या चौथाईही वेळ सरांनी रणभूमीला दिला नाही. स्मारकापाशी ते उतरले, उन्हात त्यांचा पाठमोरा फोटो काढला गेला आणि ते पुन्हा एसीत येऊन बसले. मी मात्र थोडी मागे राहिले. शाळेत त्या लढाईचा धडा वाचताना मला रडू आलं होतं, तसं काही होतंय का ते मी बघत होते. झालं नाही. प्रसिद्धीवाली मुलगी हॉर्न वाजवत होती.

पानिपतला हातमागाचं कापड बघायचं ठरलं होतं. पण सर थांबले ते एका वेगळ्याच आवारात. परदेशातून गठ्ठ्यांनी जुने लोकरी कपडे तिथे येतात. बायका जमिनीवर बसून त्यांची बटणं, चेन, अस्तरं कापून काढतात, रंगांप्रमाणे ढीग लावतात, मग यंत्रात त्यांच्या चिंध्या होतात आणि त्यातून सूत काढून स्वस्त कांबळी विणतात. लाल कोट-स्वेटरांचा एक ढीग छतापर्यंत गेला होता. सर त्याच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत. बटणं कापणाऱ्या एका बाईनं मला खालच्या आवाजात विचारलं, "साहब की तबीयत खराब है क्या? पानी लाऊँ?" मी म्हटलं, "नहीं, काम कर रहे हैं." तिनं त्यांच्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं आणि आणलंच पाणी. सरांनी ते घेतलं नाही, कारण ते बाटलीतलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर कलेक्शन ठरलं. कांबळ्याच्या कापडाचे योद्ध्यासारखे कोट आणि त्याखाली नऊवारी. शिवलेली नऊवारी, पाठीला चेन असलेली, म्हणजे गुडगावातल्या बाईला ती नेसायला यायची गरज नाही, चढवायची की झालं. हे चेनचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी ते चांगलं केलं. काष्टा खोट्या निऱ्यांचा, पण बसल्यावर ओढत नव्हता. मला कामाची लाज वाटत नाही. वाटते ती त्याच्या आजूबाजूच्या बडबडीची.

आई तेव्हा मिरजेहून माझ्याकडे आली होती. ती हायस्कुलात गणित शिकवून नुकती निवृत्त झालेली. आयुष्यभर पाचवारी, कडक इस्त्रीची, खांद्याला पिन. मला वाटलं होतं, या माणसाला आई एका नजरेत ओळखेल. घरी तिला मी सगळं रंगवून सांगत होते आणि तीही हसत होती. म्हणून एक दिवस तिला स्टुडिओ दाखवायला घेऊन गेले.

सरांनी वाकून तिच्या पायांना हात लावला. तिच्या इतक्या वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांनी ते केलं असेल. आई लगेच विरघळली.

"आंटीजी, आप तो वही पहनती होंगी? नाइन यार्ड्स?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई म्हणाली, "हाँ हाँ, पहनते थे ना. हमेशा."

घरी जाताना गाडीत मी तिला विचारलं, "आई, तू कधी नेसलीस गं नऊवारी?"

"मंगळागौरीला नेसले होते."

"आणि ती पायात अडकून पडली होतीस. तूच सांगितलंयस."

"पडले म्हणजे नेसले नव्हते का?" आई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

त्यानंतर ती रोज स्टुडिओत यायला लागली. तिच्यासाठी खुर्ची आली, मग पंखा आला, मग चहा. सर तिला विचारायचे, शौर्याचा रंग कोणता? तीही बिनधास्त सांगायची, डाळिंबी. मला तिनं कधी असलं काही सांगितलं नव्हतं. मला तिनं वर्गमुळं सांगितली होती. नवऱ्याला हे सगळं भारी वाटत होतं. "अगं, एन्जॉय करतायत त्या. यार, तू पण ना!" तो म्हणायचा. दिल्लीत राहून राहून त्याच्या बोलण्यात हे 'यार' आलं होतं, आणि वाद संपवायला तो ते वापरायचा.

शो गुडगावात झाला, एका नव्या हॉटेलच्या हिरवळीवर, ऊन उतरल्यावर. जिथे रॅम्प होता तिथे दोन-तीन वर्षांपूर्वी गव्हाचं शेत होतं, आणि ज्यांचं होतं त्यांची मुलं मागच्या रांगेत पांढऱ्या शर्टात बसली होती. जमिनीच्या पैशात त्यांना आमंत्रणही मिळालं होतं. पुढच्या रांगेत बिल्डरांच्या बायका. रॅम्पवर गवत पसरलेलं, त्यावर पानिपतची कांबळी. ढोल वाजले, शंख वाजला, मग का कोण जाणे सुफी गाणं लागलं. मॉडेल आल्या. त्यांच्या हातात तलवारी होत्या आणि चेहऱ्यावर त्यांना जेवायला मिळालेलं नाही असा भाव होता, जो खरा होता. एकीचा काष्टा तलवारीत अडकला. तिनं तो असा काही झटकला की लोकांना वाटलं हेही बसवलेलं आहे. टाळ्या पडल्या.

शेवटी सर आले, आईचा हात धरून. स्टुडिओतल्या मुलींनी तिला नऊवारी नेसवली होती, चेनवाली. ठसठशीत नथ, कपाळावर चंद्रकोर. मी पडद्याआड उभी होते. माझी आई, जी पालकसभेत बोलायलासुद्धा आधी मनाशी उजळणी करायची, ती त्या उजेडात रमतगमत चालत होती. सर माइकवर म्हणाले, "दिस इज माय इन्स्पिरेशन."

नंतर एका इंग्रजी पेपरच्या मुलीनं आईला गाठलं. मराठा बायका रोजच्या आयुष्यात हे नेसायच्या का, असं तिनं विचारलं.

"रोज," आई म्हणाली. "मैं तो स्कूल भी इसी में जाती थी. बस, घोड़ा नहीं था."

मुलीनं ते शब्दशः लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी छापून आलं, फोटोसकट. घोड्याचं वाक्य मथळ्यात होतं.

मी चिडले. सकाळी पेपर तिच्यासमोर टाकला आणि म्हटलं, "खोटं कशाला बोललीस? तू गणिताची बाई आहेस!"

आईनं चष्मा लावला, फोटो नीट पाहिला. मग म्हणाली, "इतकी वर्षं खरंच बोलत आले. कुणी आलं होतं लिहून घ्यायला?"

तिनं माझ्या नवऱ्याला त्या पेपरच्या आणखी प्रती आणायला पाठवलं आणि मिरजेला जाताना बॅगेत सगळ्यात वर त्या ठेवल्या. मला तेव्हा फार एकटं वाटलं. माणसाला तुच्छता वाटत असली तर सोबत लागते. ती वाटून घ्यायला घरात कुणीतरी हवं. माझ्या घरातलं एकमेव माणूस फितूर झालं होतं.

आणि पानिपतचं पानिपत काही झालं नाही. सगळं खपलं. कोट तर इतके खपले की पुढं खरोखरच्या लोकरीत काढायची मागणी आली, कारण कांबळ्याचं कापड गिऱ्हाइकांना टोचत होतं. एका बाईनं किटी पार्टीसाठी सगळ्या मैत्रिणींना मिळून चेनवाल्या नऊवाऱ्या मागवल्या. माप घ्यायला मीच गेले होते. ती म्हणाली, "ये पानिपत बड़ा अच्छा ब्रँड है. कहाँ का है, इटली का?" मी म्हटलं, "नहीं, हरियाणा." तिचा चेहरा पडला. तरी ऑर्डर रद्द केली नाही, कारण मैत्रिणींना सांगून झालं होतं.

त्याच हिवाळ्यात नवऱ्याच्या कंपनीनं त्याला हॉलंडला जाणार का विचारलं. त्यानं मला ते सांगितलं तेव्हा कुकरची शिटी झाली आणि मला ऐकूच आलं नाही. मी म्हटलं, "कुठे?" तो म्हणाला, "हॉलंड. सगळेच जाऊ. कायमचे." मी गॅस बंद केला आणि हो म्हटलं. त्याला वाटलं होतं मी भांडेन. त्यानं तयारी केलेली, मुलीचं शिक्षण, हवा, रस्ते असे मुद्दे त्याच्याकडे होते. ते त्यानं तरीही सगळे सांगितले. मला एकही मुद्दा लागत नव्हता. मला फक्त जिथे माणसं डोळे न मिटता काम करतात असं ठिकाण हवं होतं.

सोसायटीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या बाईंनी हात हातात घेतला.

"बधाई हो! कौन सा कंट्री?"

"हॉलंड."

"अच्छा..." त्या थांबल्या. मग धीर देत म्हणाल्या, "अमेरिका नहीं मिला?"

पुण्याहून नणंदेचा फोन आला. भारत सोडून जाणं तिला मनापासून पटत नव्हतं. तिनं बराच वेळ संस्कृतीवर सांगितलं आणि शेवटी विचारलं की तिकडून येताना मिक्सर आणता येईल का. आमच्याच वयाचे शेजारी आमच्याकडे बघून म्हणायचे, देशात एवढं सगळं चाललंय, मॉल येतायत, मेट्रो येतेय, आणि तुम्ही आत्ता जाताय? त्यांच्यापैकी प्रत्येकानं परदेशासाठी अर्ज केलेला होता.

सरांना राजीनामा द्यायला गेले तेव्हा ते पुढच्या कलेक्शनसाठी पावसाचा विचार करत होते.

"वहाँ जाके करोगी क्या?" ते म्हणाले. "सब ग्रे है वहाँ. तुम्हारी आत्मा यहाँ है, इस मिट्टी में."

माझ्या आत्म्याचा पत्ता त्यांना ठाऊक होता. माझं आडनाव मात्र इतक्या वर्षांत त्यांना नीट म्हणता आलं नव्हतं. जाताना त्यांनी विचारलं, "पॅटर्न तो छोड़ के जाओगी ना?" मी सोडून आले. पुढची कित्येक वर्षं ते त्याच पॅटर्नवर काम करत होते. फोटोत खांदा बघितला की मला कळायचं.

हॉलंडमध्ये पहिला हिवाळा मी नोकरी शोधण्यात घालवला. मुलगी नोएडात वाढलेली, तिला उशीला उशी म्हणतात हेही सांगावं लागायचं, ती तकिया म्हणायची. तिचं हिंदी काही महिन्यांतच गेलं आणि त्या जागी डच आलं. मराठी राहिलं ते फक्त मला उलट उत्तर द्यायला. नवरा सायकल शिकला आणि पहिल्याच आठवड्यात कालव्यात पडला. लोकांनी बाहेर काढलं तर तो त्यांना काठाला कठडा कसा हवा ते सांगत होता.

मी दोन-तीन फॅशनच्या कंपन्यांत गेले. एका ठिकाणी जाड काळ्या फ्रेमचा चष्मा लावलेली बाई माझं काम चाळत होती. पँटचे कट होते, कोटाची कॉलर होती, खांदे होते. ती म्हणाली, "पण रंग कुठे आहेत? तुम्ही भारतातून आलात ना?" दुसऱ्या ठिकाणी मला मसाल्याच्या बाजारावरून काहीतरी करून आणायला सांगितलं. मी मसाले आमच्या सोसायटीसमोरच्या किराणा दुकानातून पाकिटात घ्यायचे. ते मी त्यांना सांगितलं. पुन्हा बोलावणं आलं नाही. हे लोक आणि सर यांच्यात फरक एवढाच होता की हे डोळे उघडे ठेवून तेच बोलायचे, आणि अंगात सगळे काळं घालायचे.

शेवटी मी कामगारांचे कपडे बनवणाऱ्या एका कंपनीची जाहिरात पाहिली. मालकीण साठीची, पायात रबरी बूट. तिनं माझे कागद बघितलेच नाहीत. बेकरीत काम करणारा एक धिप्पाड, पोट सुटलेला माणूस तिनं माझ्यासमोर उभा केला आणि म्हणाली, "हा भट्टीपाशी वाकला की याची पँट खाली येते. अशी शिव की येणार नाही." मी त्याचं माप घेतलं. उभं करून घेतलं, वाकवून घेतलं, पोत्यावर बसवून घेतलं. तो लाजून लाल झाला होता. मागची कंबर वर चढवली, पुढची खाली आणली, मांडीत जास्तीचं कापड दिलं. आठवड्यानं तो परत आला, मालकिणीसमोर वाकला, आणखी वाकला, उड्या मारल्या. पँट जागची हलली नाही. मालकीण म्हणाली, "सोमवारपासून ये." त्या दिवशी सायकलवरून घरी येताना मी मोठ्यानं हसत होते. माणसं वळून बघत होती.

तेव्हापासून मी तिथेच आहे. नर्स, पोस्टमन, बसचे ड्रायव्हर, मासळीबाजारातली माणसं. त्यांना इन्स्पिरेशन नको असतं, खिसा हवा असतो. तरी इथले मराठी लोक मला जमेस धरत नाहीत. मंडळाच्या दिवाळीला कुणीतरी पाहुण्यांना ओळख करून देतं, "या पूर्वी फॅशन डिझायनर होत्या." पूर्वी! मीही दुरुस्त करत नाही. त्यांच्या बायका अंगावर काय घालून आलेल्या असतात ते मी बघत असते, आणि तेवढं मला पुरतं.

मालकीण निवृत्त झाल्यावर नवीन माणसं घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मुलं-मुली जाडजूड फायली घेऊन येतात. मी त्या उघडत नाही, एक कापडाचा तुकडा देते आणि म्हणते, कोटाची बाही बसवून दाखव. त्यातली एक मुलगी गुडगावची होती. तिच्या फायलीवर कलेक्शनचं नाव "स्थलांतर" असं लिहिलेलं. आईवडील तिकडेच, स्वतःच्या चार मजली घरात, ही इथे शिकायला आलेली. मी तिला बाही बसवायला लावली. खांद्यावर सुरकुती आली. उसवायला लावली, पुन्हा आली. तिसऱ्यांदा उसवताना ती सुई ठेवून सरळ माझ्याकडे बघत म्हणाली, "मॅम, आपको कपड़े पसंद नहीं हैं क्या?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी तिच्या हातातली बाही घेतली. तिला दाखवलं की गोलाईवर कापड जरासं जास्त असतं, ते बोटांनी हळूहळू आत जिरवायचं असतं, ओढायचं नसतं, आणि जिरलं की सपाट तुकडा आपोआप खांद्यासारखा वळतो. मी बसवली. ती फिरवून फिरवून बघत राहिली. मी म्हटलं, "पसंद हैं. कपड़ों के बारे में बोलनेवाले लोग पसंद नहीं." ती हसली. मी तिला ठेवून घेतलं.

ती वर्षभर राहिली. हुशार होती, नर्सच्या कोटाला तिनं एक चांगला खिसा काढला, तो आम्ही अजून वापरतो. मग तिला पॅरिसच्या एका मोठ्या फॅशन कंपनीत बोलावणं आलं आणि ती गेली. गेल्या महिन्यात तिचा स्वतःचा शो झाला. नवऱ्यानं फोनवर लावून दिला, म्हणाला, "बघ, तुझी गुडगावची मुलगी." मॉडेल धुक्यातून येत होत्या, मागे कुणीतरी रडल्यासारखं गात होतं. शेवटी ती आली, काळ्या कपड्यांत, आणि प्रवास, मूळ, माती असं काहीबाही बोलली. मी आवाज बंद केला आणि नुसते कपडे बघितले. चांगले होते. डावा खांदा मात्र अजून ओढते ती.